शुक्रवारची घंटी

धर्मपाल नगराळेला कोणी विचारलं की बाबा तू काम काय करतोस, तर त्याची पंचाईत व्हायची. सुतार म्हटला की खुर्ची दाखवता येते, ड्रायव्हर म्हटला की गाडी. धर्मपालचं काम होतं घंटी सांभाळण्याचं, आणि तीही अशी घंटी की जी वाजू नये असंच सगळ्यांना वाटायचं. आयुष्याची वीसेक वर्षं माणसानं अशा कामात घालवावी, आणि वर लोकांनी म्हणावं की हा बसून पगार खातो! बसायला मिळालं असतं तर त्यानं ते खुशाल कबूलही केलं असतं. पण गुडघे गेलेले असताना दिवसभर शिडी चढउतार करणाऱ्याला बसून खाणारा म्हणायचं, म्हणजे बोलणाऱ्याच्या जिभेला काही हाड नाही असंच समजायचं.

राळेगाव रोडवरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, तो इलेक्ट्रिशियन होता. ती कापसाची वाईट वर्षं होती. पूर्वी हंगामात फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग पार डांबरी सडकेपर्यंत जायची, आता फाटकावरचा चौकीदार दुपारी डुलक्या घ्यायचा. येणारा कापूसही कसा, तर आखूड, किडका, मातीचे ढेकूळ आणि खडे घेऊन आलेला. मालकाचं लक्ष या धंद्यावरून उडालं होतं. काही मोडलं की मॅनेजर रामराव म्हणायचे, "सध्या भागव धर्मपाल, पुढच्या हंगामात पाहू." रामराव माणूस वाईट नव्हते. वरून पैसा यायचा नाही आणि खालून लोक विचारायचे, मधल्यामध्ये त्यांचं भरीत झालं होतं.

जिनिंगच्या छताला जागोजागी पालथ्या वाट्यांसारखे डबे बसवलेले होते. कामगार त्यांना वाट्याच म्हणत. वाटीला आगीची गरमी पोचली की आतली पातळ पट्टी वाकायची, सर्किट तुटायचं, आणि फाटकाजवळच्या खोलीतल्या बोर्डावर दिवा लागून घंटी सुरू व्हायची. त्या वाट्या, त्यांच्या वायरी, जोड, रिले, बॅटऱ्या आणि खुद्द घंटी, हे सगळं धर्मपालच्या अंगावर होतं. रुई फार बारीक असते. ती हवेत तरंगत कुठेही शिरते. वाटीत शिरते, रिलेच्या फटीत शिरते, घंटीच्या टोल्याखाली गादीसारखी जाऊन बसते. आज पुसलं की आठवड्यानं पुन्हा तेच. पुसणाराही पुसून पुसून थकतो, पण रुईला काही थकवा नसतो.

एवढं सगळं कशासाठी, तर रुईघरासाठी. यंत्रांतून सरकी वेगळी झाली की रुई मोठ्या नळीतून या लांबलचक खोलीत येऊन पडायची. तिथे गावातल्या आणि तांड्यावरच्या बाया ओळीनं बसून त्यातली डागी, पिवळी कवडी, म्हणजे खराब रुई, वेचून काढत. खोलीला दार एकच, आणि त्याच्या अर्ध्या वाटेत रुईच्या बांधलेल्या गाठी रचलेल्या. धर्मपालची बायको प्रभावती तिथेच वेचायला बसायची. कोरडी रुई पेटली की विस्तव नुसता जळत नाही, वरच्यावर धावत सुटतो. घंटी वाजली की त्या बाया हातातलं टाकून दाराबाहेर गेल्या पाहिजेत, वेळ न लावता. आपल्या नोकरीचा एवढाच अर्थ आहे हे धर्मपालला पक्कं ठाऊक होतं. बाकी सारं पुसापुशी.

हे खूळ त्याच्या डोक्यात जहाजावर भरलं होतं. यवतमाळच्या आयटीआयमधून वायरमन होऊन तो मुंबईला गोदीत कामाला असलेल्या मामाकडे गेला, आणि मामानं याचे त्याचे पाय धरून त्याला मालवाहू जहाजावर चिकटवलं. गावात बोभाटा झाला, नगराळेचा पोरगा बोटीवर लागला. वर्धा नदीपलीकडे मोठं पाणी न पाहिलेले लोक सुट्टीत त्याला विचारायचे, "काहो धर्मपाल, बोटीत पाणी शिरत नाई काय?" तो म्हणायचा, "शिरते ना. म्हणून तं मले ठेवलं."

थट्टा वाटेल, पण ते खरंच होतं. जहाजाच्या अगदी तळाशी, इंजिनाखाली, पाणी साचत असतं. त्यात एक तरंगता गोळा असतो. पाणी वाढलं की गोळा वर उचलला जातो आणि वरती घंटी होते. जहाजावरच्या मोठ्या इलेक्ट्रिशियनला सगळे बत्तीसाब म्हणत आणि धर्मपाल त्याच्या हाताखाली होता. बत्तीसाबचा नियम असा, की बोर्डावरचं बटन दाबून घंटी तपासायची नाही. बटन दाबलं तर घंटी चांगली आहे एवढंच कळतं, तळापासूनची वायर जिवंत आहे की मेली ते कळत नाही. म्हणून तळाशी उतरायचं, तेलकट पाण्यात हात घालून गोळा हातानं उचलायचा, आणि वरून "वाजली" अशी हाक आली की मगच पुढच्या गोळ्याकडे जायचं. खाऱ्या हवेनं जोडांवर हिरवं चढायचं ते पुसायचं. इंजिनाच्या थरथरीनं सैल झालेले स्क्रू आवळायचे. कॉन्टॅक्टच्या फटीत कोऱ्या कागदाची पट्टी धरून ओढायची, काळी निघाली की पुन्हा ओढायची, ती स्वच्छ निघेपर्यंत.

तिथे आणखी एक रीत होती. तपासणीच्या आधी भोंग्यातून सांगत, टेस्टिंग आहे. मग घंटी कितीही बोंबलली तरी कोणी जागचं हलत नसे. जेवणारा जेवत राही, झोपलेला कूस बदली. ही रीत धर्मपालला फार शहाणपणाची वाटली. आई अंथरुणाला खिळली म्हणून एका सुट्टीत तो गावी आला आणि परत गेलाच नाही, पण बत्तीसाबच्या बाकी विद्येबरोबर ही रीतही तो गावाला घेऊन आला.

जिनिंगमध्ये पहिल्या पहिल्यांदा घंटीनं नुसता उच्छाद मांडला होता. सर्किट असं होतं की वायर कुठेही तुटली तरी घंटी वाजावी. मुकी वायर दगा देते, त्यापेक्षा बोंबलणारी बरी, हे बत्तीसाबचं म्हणणं. पण समुद्रावर खारुताई नसते. इथल्या खारी वायर कुरतडायच्या, घंटी वाजायची, बाया धावत बाहेर यायच्या आणि बाहेर काहीच नसायचं. असं दोन-चारदा झालं तेव्हा बायांची मुकादम रुपीबाई कंबरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली. तांड्यावरची बाई, हाडापेरानं मजबूत, बोलायला लागली की मॅनेजरसुद्धा चष्मा पुसायला घ्यायचे.

"भाऊ, तुमची घंटी हाय का टवाळ पोट्टं?" ती म्हणाली. "कवाबी बोंबलते. माह्या बाया आता उठत नाईत, सांगून ठेवतो."

धर्मपालनं ते मनावर घेतलं. न वाजणारी घंटी एकदाच मारते, पण जिच्यावर कोणाचा विश्वास नाही ती रोज मारत असते. त्यानं त्या हंगामात सगळ्या वायरी लोखंडी नळीत घातल्या. पैसे मिळेनात तेव्हा भंगारातल्या नळ्या गफ्फारकडून सरळ करून घेतल्या. गफ्फार म्हणजे जिनिंगचा फिटर मिस्त्री, धर्मपालचा एकुलता एक दोस्त, अर्धा डबा त्याचा खाणारा आणि आपला अर्धा त्याला चारणारा. आणि मग धर्मपालनं जहाजावरची रीत चालू केली. दर शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, दुपारी तो शेडाशेडात स्वतः जाऊन सांगायचा. भोंगा नव्हता, तर आपणच भोंगा व्हायचं. रुईघराच्या दारात उभा राहून तो म्हणायचा, "बायाहो, टेस्टिंग हाय. घंटी वाजन, वाजू द्या. कोणी उठू नका. पण मी न सांगता वाजली, तं मंग मांगं पाहू नका, पळा."

रुपीबाईला हे एकदम पटलं. न सांगता वाजली तर खरी, सांगून वाजली तर खोटी. लहान लेकरालाही कळावं इतकं सोपं. त्या हंगामात एकदा गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या मोटारीनं धूर काढला, न सांगता घंटी वाजली, आणि सगळ्या बाया पदर खोचून बाहेर. धर्मपाल लांबून पाहत होता. त्याला इतका आनंद झाला की त्यानं त्या दिवशी गफ्फारला हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली. अशा आनंदाचे प्रसंग त्याच्या वाट्याला फार आले नाहीत, म्हणून हा सांगून टाकला.

पुढे वर्षं गेली. कापूस आणखी घटला. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आधीच आटपायला लागला. कामगार कमी झाले, वाट्या मात्र तेवढ्याच राहिल्या. धर्मपालचे गुडघे दुखायला लागले होते. तो शिडीच्या मधल्या पायरीवर कपाळ टेकून थोडा वेळ उभा राहायचा. खालून प्रभावती म्हणायची, "संघदीपचे बाबा, बटन दाबून घंटी वाजते म्हन्ता ना? मंग कायले चढून राह्यले?" संघदीप त्यांचा मुलगा, नागपुरात शिकत होता. धर्मपाल कण्हत वर जायचा आणि दिव्यानं वाटी गरम करायचा. हा दिवा त्यानंच बनवला होता, एका पत्र्याच्या डब्यात मोठा बल्ब बसवून, वर लाकडी मूठ. वाटीखाली धरला की थोड्या वेळानं घंटी व्हायची. फाटकाजवळच्या खोलीत गफ्फार बसलेला असायचा. तो बोर्डावरचा दिवा पाहायचा, घंटी बंद करायचा, आणि धर्मपाल शिडी पुढच्या वाटीखाली ओढायचा. सगळ्या वाट्या होईपर्यंत तासभर तरी घंटी वाजायची आणि थांबायची, वाजायची आणि थांबायची. बाया तिच्या तालावर वेचत राहायच्या.

संक्रांत होऊन गेल्यानंतरच्या एका शुक्रवारी तो नेहमीसारखा दारात उभा राहिला. "बायाहो, टेस्टिंग हाय. कोणी उठू नका."

"व्हय भाऊ, बसलो," रुपीबाई म्हणाली. "लवकर करा मातर. बाजारात जाचं हाय आमाले."

तो प्रेसच्या हॉलमध्ये गेला. पहिली वाटी झाली. घंटी वाजली, गफ्फारनं बंद केली. दुसरी झाली. तिसऱ्या वाटीखाली शिडी लावून तो चढत होता, दिवा अजून खांद्याला लटकत होता, वाटीला लावलेलाच नव्हता, आणि घंटी वाजायला लागली.

तो पायरीवर थांबला. पहिला विचार आला तो खारीचा. कुठे तरी नळी उघडी पडली असेल, शिरली असेल मेली, असा थकल्या माणसाचा विचार. उतरून पाहावं की ही वाटी करून मग पाहावं? तेवढ्यात घंटी थांबली. गफ्फारनं बंद केली होती. त्याचं काय चुकलं? बोर्डावर रुईघराचा दिवा लागलेला त्याला दिसला, त्याला वाटलं आज धर्मपालभाई मधेच रुईघराकडे वळला दिसतो. घंटी वाजली की बंद करायची, हेच तर ठरलं होतं.

मग धर्मपालला वास आला. जळक्या रुईचा वास ओल्या कपड्याला इस्त्री लागल्यासारखा येतो, आणि एकदा नाकात गेला की आयुष्यभर ओळखता येतो. तो शिडीवरून उतरला की पडला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नाही. तो रुईघराकडे धावला. दारात पोचला तर आत बाया ओळीनं बसलेल्या, हात चाललेले. पलीकडच्या टोकाला, जिथे नळीतून रुई पडते, तिथे ढिगावर पातळ धूर तरंगत होता. बायांना तो धुरळाच वाटला होता.

"आग! उठा, बाहेर व्हा!" तो ओरडला.

दोघी-तिघी हसल्या. "आत्ताच तं बसा म्हने, आता उठा म्हन्ते," एक म्हणाली. "भाऊ, आज परीक्षा पाहून राह्यले काय आमची?"

"खरी हाय वं! खरी हाय!" त्याचा आवाज फाटला. तो आत घुसला, प्रभावतीचा दंड धरला आणि तिला ओढलं. ती सगळ्यांसमोर लाजली. "अहो, हे काय करून राह्यले!" म्हणाली. तेवढ्यात ढीग पेटला. आवाज नाही झाला. नुसता उजेड झाला, आणि तो उजेड भिंतीवरून छताकडे गेला. मग सगळ्या एकदम उठल्या आणि त्या एका दारावर आदळल्या.

दारात रुपीबाई उभी राहिली. ज्यांना तिनं बसवलं होतं त्या एकेकीला तिनं दंडाला धरून बाहेर ढकललं. गाठी आडव्या आल्यानं दोघी पडल्या, त्यांना धर्मपालनं ओढून काढलं. शेवटी एक नवी लग्न झालेली पोर राहिली, उर्वशी नावाची. तिच्या पदराला आग लागली होती आणि ती नुसती जागेवर गोल फिरत होती. रुपीबाई आत गेली. तिनं तो पदर दोन्ही हातांनी चोळून विझवला आणि पोरीला खांद्यावर टाकून बाहेर आली.

सगळ्या वाचल्या. उर्वशीची पाठ थोडी भाजली, ती बरी झाली. रुपीबाईचे दोन्ही हात गेले, म्हणजे तुटले नाहीत, पण कातडी राहिली नाही, बोटं आखडली. कापसातला एक खडा यंत्रात सापडला, ठिणगी पडली, आणि ती रुईबरोबर नळीतून ढिगात आली, असं मागाहून निघालं. खड्याला कोणाचं नाव नव्हतं.

जिनिंगमध्ये धर्मपालचं कौतुक झालं. रामरावांनी सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला. "घंटी वाजली, धर्मपाल धावला, म्हणून मनुष्यहानी टळली," असं ते म्हणाले. हात धरलेला असताना धर्मपालला तो सोडवून घ्यावासा वाटत होता. गफ्फार खोलीच्या मागे जाऊन रडला. "मैंने बंद की भाई, मेरे हाथ से बंद हुई," तो म्हणत राहिला. धर्मपाल म्हणाला, "तुले मीच सांगतलं होतं ना, वाजली का बंद कर."

बरेच दिवस गेले. रुपीबाई यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आली असं कळलं तेव्हा धर्मपाल आणि प्रभावती तिला भेटायला तांड्यावर निघाले. एसटीनं फाट्यापर्यंत गेले आणि पुढे पायी. दोन्ही बाजूंना पऱ्हाट्या उभ्या होत्या, कापूस वेचून झालेल्या, काळपट. निम्म्या वाटेत प्रभावती थांबली.

"एक सांगू काय?" ती म्हणाली. "तुमी यायच्या आंधीच रुपीबाईच्या नाकात वास गेलता. तिनं मले इचारलं, कावं प्रभावती, उठवू काय बायायले? मी म्हटलं, नाई. संघदीपच्या बाबायनं बसा म्हटलं ना. त्यायचं काम लय पक्कं असते."

एवढं बोलून ती रस्त्यावरच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. धर्मपाल तिच्याशेजारी उभा राहिला. आपल्या बायकोला आपला एवढा भरोसा आहे हे त्याला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. कळलं ते असं. त्याला वाटलं, हिनं आपल्यावर कमी विश्वास ठेवला असता तर किती बरं झालं असतं. हा विचार मनात येताच त्याला स्वतःचीच कीव आली. मग त्यानं तिला हात धरून उठवलं, आणि दोघं चालायला लागले.

रुपीबाई अंगणात बाजेवर बसली होती. दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, मांडीवर पालथे ठेवलेले. सून तिला घास भरवत होती. धर्मपालला पाहून तिनं सुनेला चहा ठेवायला पाठवलं. धर्मपालनं माफी मागायची म्हणून मनात बरीच जुळवाजुळव केली होती, ती सगळी त्या हातांकडे पाहून विरघळून गेली.

रुपीबाईच बोलली. "मले एक सांगा भाऊ. मी पडल्या पडल्या लय इचार केला, पन माह्या ध्यानात येत नाई. त्या दिवशी घंटी वाजली ना?"

"वाजली."

"खोटी होती काय?"

"नाई."

"तुमी आमाले खोटं सांगतलं काय?"

"नाई, रुपीबाई."

"अन् आमी तुमचं आयकलं ना? बरोब्बर आयकलं?"

"आयकलं."

"मंग माहे हात काहून जळले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर धर्मपालला सोपं गेलं असतं. ती खरंच विचारत होती. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, चुलीजवळ सून भांडी वाजवत होती. धर्मपालला बत्तीसाब आठवला, जहाजावर घंटी बोंबलत असताना निवांत जेवणारी माणसं आठवली. टेस्टिंग चालू असताना खरीच आग लागली तर काय, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिथे कधी तसं झालं नाही म्हणूनच विचारलं नव्हतं.

"मी आंधीच सांगून ठेवलं म्हणून," तो शेवटी म्हणाला. "घंटीवर भरोसा ठेवाचा सोडून तुमी माह्यावर ठेवला. अन् तो मीच ठेवाले लावला."

रुपीबाईनं त्यावर मान हलवली. मग म्हणाली, "तं सांगू नका ना आता. वाजली का आमी उठू. खरी का खोटी, ते बाहेर उभं राहून पाहू."

"दर टायमाले उठसान? काम बुडन."

"बुडू द्या. काम तसंबी राह्यलंच किती?"

चहा आला. प्रभावतीनं बशी रुपीबाईच्या तोंडाला लावली, आणि ती फुंकर मारत प्याली.

पुढच्या हंगामात जिनिंग सुरू झालं तेव्हा दर घंटीला बायांनी बाहेर जाणं रामरावांना अजिबात पटलं नाही. अर्धा तास काम बंद म्हणजे किती गाठी मागे पडतात, हे ते सांगायला लागले. रुपीबाई वेचायला येऊ शकत नव्हती, पण त्या दिवशी ती आली. तिनं भांडण केलं नाही. हात पुढे करून ती नुसती उभी राहिली, आणि रामरावांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांनी तिला रुईघराच्या दारावर नेमलं. दारासमोरच्या गाठीही त्याच दिवशी हलल्या.

आता धर्मपाल कोणालाच सांगत नाही. शुक्रवारही राहिला नाही. कधी सोमवारी सकाळी, कधी बुधवारी जेवणाच्या वेळी, कधी नुकत्या बाया बसल्या असताना, तो कण्हत शिडी चढतो आणि वाटीखाली दिवा धरतो. घंटी वाजते. रुईघरातून बाया धावत बाहेर येतात आणि धर्मपालच्या नावानं शिव्यांची लाखोली सुरू होते. मुडदा बसवला याचा, पाय मोडो मेल्याचा, याच्या घंटीले आग लागो. सगळ्यांत खणखणीत आवाज प्रभावतीचा असतो, बोलताना ती नवरा-बिवरा काही पाहत नाही. गफ्फार बोर्डाला हात लावत नाही. दारावरून रुपीबाईनं "आल्या सगळ्या" म्हटल्यावरच तो घंटी बंद करतो.

पूर्वी या बाया त्याला भाऊ म्हणायच्या, सणाला घरचं काही आणून द्यायच्या. आता तो समोरून आला तर तोंड फिरवतात. जिनिंगमध्ये एवढा नावडता माणूस दुसरा नाही. तो थकला आहे, आणि थकल्या माणसाला लोकांनी बरं बोलावं असं वाटतं, ते त्यालाही वाटतं. पण शिडीवर उभा असताना तो कान बाहेर ठेवून असतो. एखाद्या दिवशी शिव्या जरा कमी ऐकू आल्या, एखादा आवाज त्यात नाही असं वाटलं, तर वाटीखालचा दिवा बाजूला करून तो वरून जीव तोडून ओरडतो, "आत कोन राह्यलं वं?"